दुधातली मुंगी

हे मी बाळंतिणींसाठी लिहून राहिले, पण बाळंतिणीला वाचायला फुरसत कोण देतं? एका हातात लेकरू, दुसऱ्या हातात ओलं दुपटं. म्हणून तिच्या घरच्यांनी वाचावं. आईनं वाचावं, सासूनं वाचावं, नवऱ्यानं तर समोर बसून वाचावं. राग आला तर येऊ द्या. मलाही आला होता, अजून येतो. रागानं कोणी मरत नाही.

मी शीतल. अकोल्याला एका पॅथॉलॉजी लॅबमध्ये टेक्निशियन आहे. दिवसभर लोकांचं रक्त, लघवी, थुंकी तपासायची, हे माझं काम. सासर अकोल्याच्या जुन्या शहरात, माहेर बडनेऱ्याला. पहिलं बाळंतपण माहेरी, म्हणून डोहाळजेवण आटोपलं की मी बडनेऱ्याला आले. बाबा जाऊन बरीच वर्षं झाली. घरात आई आणि मी, बस.

मला जे झालं त्याला मराठीत स्तनातलं गळू म्हणतात. मी पहिल्यांदा नवऱ्याला फोनवर "छातीत दुखतंय" म्हटलं, तर नितीन म्हणाला, "वाफ घे." घ्या आता. स्वतःच्या अवयवाचं नाव घ्यायची लाज वाटली की वाफ घ्यावी लागते. त्यामुळे इथे मी स्तनाला स्तन म्हणणार आहे. ज्यांना शरम वाटते त्यांनी उठून पाणी पिऊन यावं.

आणि अजून एक. ही गोष्ट सांगायला लागले की सगळ्या बाया आधीच मान हलवतात, सासूचं काम असेल म्हणून. नाही. माझी सासू तेव्हा अकोल्यात होती आणि तिचा याच्याशी काही संबंध नाही. हे माझ्या आईनं केलं. माझ्यावर जीव टाकणाऱ्या माझ्या सख्ख्या आईनं.

मुलगा झाला

बाळंतपण अमरावतीला एका दवाखान्यात झालं. सिस्टर बाळाला गुंडाळून बाहेर घेऊन आली आणि म्हणाली, "मुलगा झाला, आजी." शेजारच्या बाईला मुलगी झाली होती, तरी तिच्या घरचे पेढे वाटून राहिले होते. माझी आई मात्र भिंतीला टेकून उभी. तोंडावरचं रक्त उतरलेलं. पेढा हातात तसाच.

तिला वाईट वाटलं नव्हतं. ती घाबरली होती.

माझ्याआधी तिला एक मुलगा झाला होता. संजू. बसायला लागायच्या आत गेला. लोक जसं म्हणतात की अमका टायफॉइडनं गेला, तमका काविळीनं गेला, तसं माझी आई म्हणायची, "संजू माह्या दुधानं गेला." भाजी निवडताना म्हणायची, माझी वेणी घालताना म्हणायची. मी हे ऐकतच मोठी झाले.

झालं असं होतं. संजू रडायचा, अंग धरत नव्हता. तेव्हा माझ्या आजीनं, म्हणजे आईच्या सासूनं, आईचं दूध वाटीत पिळायला लावलं आणि त्यात मुंगी टाकली. आमच्याकडच्या जुन्या बायांची ही परीक्षा. मुंगी तरली तर दूध चांगलं, मेली तर दूध विखारी. मुंगी मेली. त्या दिवसापासून संजूचं अंगावरचं तोडलं आणि गाईच्या दुधात पाणी घालून बाटली सुरू केली. त्याला हगवण लागली, ती थांबलीच नाही. "तवरिक लय इख गेलतं वं पोटात," आई म्हणायची. "बाटलीनं बी वाचला नाई."

मग मी झाले. मला आईनं एकदाही पदराखाली घेतलं नाही. शेजारच्या नसीमचाचीच्या बकरीच्या दुधावर मी वाढले. आणि मी जगले. आईसाठी तो पुरावाच झाला. तिच्या दुधावरचा गेला, बकरीच्या दुधावरची राहिली. याच्यापुढे तुम्ही काय बोलणार?

मुंगी

पहिले काही दिवस बरे गेले. बाळ प्यायचं, झोपायचं. आई दारात उभी राहून पाहायची. बाळानं जराशी गुळणी टाकली की धावत यायची आणि दुपट्यावरचा डाग उजेडात धरून पाहायची.

मग चिरा पडल्या. बाळानं तोंड लावलं की मी पायाचे अंगठे आवळून बसायचे. दवाखान्यात सिस्टर येता-जाता "पाजा, पाजा" म्हणून गेली होती, पण कसं पाजायचं ते कोणी दाखवलं नव्हतं. बाळाच्या तोंडात नुसतं टोक द्यायचं नसतं, भोवतीचा काळा भागही जायला पाहिजे, नाही तर ते टोक चावून चावून रक्त काढतं. हे मला नंतर कळलं. तुम्हाला आत्ताच सांगते. ज्या सिस्टरनं पाजा म्हटलं तिलाच धरून बसवा आणि दाखव म्हणा. ती चिडली तर चिडू द्या.

एका सकाळी डावा स्तन दगडासारखा कडक झाला. लाल, गरम. दातावर दात वाजतील अशी थंडी आणि मग ताप. बाळ डाव्या बाजूला घेतलं की रडे, उजव्या बाजूला घेतलं तरी रडे. मीही रडून राहिले होते.

आई बाळाची गुटीची वाटी घेऊन आली.

"पिळ," ती म्हणाली.

"आई, काहीतरीच काय?"

"पिळ म्हणतो न मी. मनाची शांती करू दे माह्या."

मी पिळलं. आईनं साखरेच्या डब्यापाशी फिरणारी एक काळी मुंगी बोटावर घेतली, दुधाच्या बरोब्बर मधे सोडली आणि काडेपेटीतल्या काडीनं हलकेच दाबली. "नीट बुडाली पायजे," म्हणाली. मुंगीनं पाय मारले. गोल फिरली. मग थांबली.

"पाह्यलं?" आई म्हणाली.

आता माझी अक्कल ऐका. आमच्या लॅबमध्ये सकाळी मशीन चालू केलं की आधी पेशंटचं रक्त लावत नाहीत. आधी कंट्रोल लावतात. म्हणजे असं सॅम्पल, ज्याचा निकाल आपल्याला आधीच माहीत आहे. ते बरोबर आलं तरच मशीनवर भरवसा ठेवायचा. नवीन लागलेल्या पोरींना हे मीच शिकवते, आणि विसरल्या तर त्यांना चारचौघांत झापतेही. तीच मी, त्या दिवशी बाजेवर बसून मेलेल्या मुंगीकडे पाहत राहिले आणि मला वाटलं, असेल बाबा, माझ्यात विष असेल. आईचं होतं, माझंही असेल. ताप चढला की डिग्री उतरते.

आणि खरं सांगू? आई म्हणाली, "आजपासून आंगावर घेऊ नोको," तेव्हा पोटात कुठेतरी हायसंही वाटलं. त्या चिरांवर पुन्हा तोंड लागणार नव्हतं. ज्या बाईच्या चिरांतून रक्त आलं नाही, तिनं मला नावं ठेवू नयेत.

नितीनला फोन केला. तो म्हणाला, "आई सांगतात तसं कर. त्यांना अनुभव आहे." अनुभव! एक लेकरू गेलं, याला हा माणूस अनुभव म्हणतो.

तुळस

बाटली आली. पिशवीचं दूध, त्यात पाणी, कारण आईच्या मते नुसतं दूध बाळाला जड जातं. बाटली आई गरम पाण्यानं विसळायची, घासायचा ब्रश नव्हताच. बाळ आईजवळ, आतल्या खोलीत. मी बाहेरच्या खोलीत, बाजेवर.

दूध थांबवा म्हटल्यानं थांबत नाही. बाळ आत रडलं की इकडे माझा पान्हा फुटायचा. ब्लाउज ओला, चादर ओली. दोन्ही स्तन इतके भरायचे की हात खाली येत नव्हते. मग मी पिळून टाकायचे. डावीकडून थेंब थेंब, जीव जाईल असं दुखत. उजवीकडून धार.

पिळलेलं दूध पायाखाली येऊ देऊ नये म्हणतात, झाडाच्या मुळाशी टाकावं. मी वाटी घेऊन अंगणात तुळशीपाशी गेले, तर आई मागून ओरडली.

"तुळशीत नोको टाकू वं! जळून जाईन बिचारी. मोरीत टाक."

मला नंतर सुरीनं कापलं, जखमेत कापड कोंबलं, ते सगळं दुखलं. पण आजारपणातलं सगळ्यात जास्त काय दुखलं असं कोणी विचारलं तर मी हे वाक्य सांगते. मी मोरीत गेले आणि मोरीत टाकलं. रोज टाकत राहिले.

पू

आईनं हळद-चुन्याचा लेप लावला. गरम विटेनं शेकलं. तिच्या हाताला चटके बसले तरी शेकत राहिली, हेही सांगायला पाहिजे. कातडी आधी लाल होती, मग जांभळी झाली, मग काचेसारखी चमकायला लागली. तेव्हा आईच म्हणाली, "चाल, दवाखान्यात चाल."

अमरावतीच्या डॉक्टरीणबाईंनी बोट लावलं आणि मी किंचाळले. सोनोग्राफी झाली. "पू झालाय," त्या म्हणाल्या. "आजच काढावा लागेल. पाजणं का थांबवलं?"

मी सांगितलं. मुंगीसकट सांगितलं.

त्यांनी माझा केसपेपर पुन्हा पाहिला. "लॅबमध्ये आहात ना तुम्ही?" त्यांनी विचारलं. भूल दिली नव्हती तोवर, त्यामुळे ते चांगलंच लागलं. मग म्हणाल्या, "तुमचं दूध चांगलं होतं. ताप असतानाही चांगलंच असतं. थांबवलंत म्हणून साचलं आणि पिकलं. उजवी बाजू ठणठणीत आहे, ती आजपासून पाजा. डावीचं मी सांगेन."

आई बाहेरच्या बाकावर होती. तिला मी हे सगळं सांगितलं. तिनं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "लहान हाये ते डाक्टरीण. तिले लेकरं नसतीन."

तर बायांनो, एवढंच लक्षात ठेवा. स्तन लाल, कडक, गरम झाला आणि थंडी वाजून ताप आला, तर त्याच दिवशी डॉक्टरकडे जा. लेप नको, वीट नको. आणि दूध साचू देऊ नका. डॉक्टरनं तोंडानं नको सांगेपर्यंत पाजत राहा. दुखतं, मला माहीत आहे. साचल्यावर याच्याहून जास्त दुखतं.

बत्ती

गळू कापल्यावर जखम शिवत नाहीत. उघडी ठेवतात आणि आत औषधाची पट्टी कोंबतात. तिला बत्ती म्हणतात. रोज जुनी बत्ती ओढून काढायची, नवी घालायची. जुनी वाळून आत चिकटलेली असते. ती कशी निघते हे मी लिहीत नाही, कारण कोणी घाबरून ड्रेसिंगला जायचंच टाळेल. जा. मी जात होते. टेबलाची कड धरायची आणि ड्रेसिंगवाल्या सिस्टरच्या सगळ्या खानदानाचा मनात उद्धार करायचा.

"ओरडू नका हो, बाहेर पेशंट बसलेत," ती म्हणायची. जशी मी तिथे सिनेमा पाहायला आले होते.

जखमेतून पू यायचा आणि पुवासोबत दूधही यायचं. एक दिवस ती कापसानं टिपता टिपता म्हणाली, "दूध चांगलंय हो तुम्हाला. भरपूर." आणि तो कापूस कचऱ्याच्या पिवळ्या बादलीत टाकला. तिला बिचारीला काय माहीत.

चांगलं काय होतं तेही लिहिते. बडनेऱ्याहून नेणारा ऑटोवाला गतिरोधक आला की गाडी जवळपास थांबवून मग काढायचा. मी त्याला कधी सांगितलं नव्हतं. नसीमचाची रोज डब्यात काहीतरी पाठवायच्या आणि झाकणावर थोपटून म्हणायच्या, "खा बेटी, गुस्सा बादमें करना." जखम आता भरली आहे. बोट फिरवलं तर आत एक ताठ वळ लागतो. तो राहणार म्हणतात.

घरी मात्र युद्ध होतं. मी म्हणायचे, उजव्या बाजूला देते, डॉक्टरांनी सांगितलंय. आई बाळाला घेऊन आतल्या खोलीत जायची आणि कडी लावायची. मी एका हातानं दार ठोकायचे, दुसरा हात वर होत नव्हता.

"आई, माझं लेकरू दे!"

"नाई देत," आतून आवाज यायचा. "जीव घेतं काय त्याचा? एक गेला माह्या हातून. ह्याले नाई जाऊ देत मी."

शिव्या दिल्या मी. सख्ख्या आईला देऊ नयेत अशा दिल्या. ती आतून रडत होती आणि बाटली देत होती. ताप चढायचा, मग मी बाजेवर येऊन पडायचे. उजवी बाजू भरून आली की मोरीत जायचे.

टाळू

बाळाला हगवण लागली. पाण्यासारखी, हिरवी. एक दुपटं बदलेपर्यंत दुसरं खराब. रडणं आधी वाढलं, मग कमी झालं. कमी झालं तेव्हा आईनं कडी काढली आणि त्याला घेऊन बाहेर आली.

"शितल, टाळू पाह्य," ती म्हणाली.

टाळू आत गेली होती. बोट ठेवलं तर खड्डा लागायचा. डोळे खोल. ओठ सुकलेले. आई खाली फरशीवरच बसली. हे तिनं आधी पाहिलं होतं, मला समजावून सांगायची गरज नव्हती.

"इख चढलं," ती म्हणाली. "पयलेच दिवस पाजलंतं न तू. तेच चढलं."

मी तिच्या हातातून बाळ ओढून घेतलं आणि रस्त्यावर गेले. चप्पल घातली नव्हती हे अमरावतीला पोचल्यावर कळलं. आई मागोमाग आली, पिशवीत बाटली घेऊन.

वॉर्ड

लहान मुलांच्या वॉर्डात बाळाच्या हाताला सलाईन लावलं. एवढासा हात, पुठ्ठ्याच्या तुकड्यावर बांधलेला. डॉक्टरांनी आईच्या हातातली बाटली पाहिली.

"ही कोणी सुरू केली?"

"मी," आई म्हणाली.

"बंद करा. यानंच झालंय. आईचं दूध द्या."

"हिचं दूध खराब हाये. मुंगी मेली त्यात."

डॉक्टर हसले. त्यांच्यासोबतची शिकाऊ पोरगीही हसली. हसून निघून गेले. शिकलेल्या लोकांनी हे एक बंद करावं. हसल्यानं कोणाचं मन बदलत नाही. माझी आई आधी नुसती घाबरलेली होती, त्या हसण्यानंतर हट्टाला पेटली. बाटली पदराखाली धरून बसली.

शेजारच्या खाटेवर तिवस्याची वनिता होती. तिच्या पोराला निमोनिया झाला होता, आता बरा होता, दुसऱ्या दिवशी सुटी मिळणार होती. पोरगं असं गुटगुटीत की मांडीवर मावत नव्हतं. वनिता दिवसभर पाजायची आणि दिवसभर बोलायची.

माझं बाळ भुकेनं कण्हत होतं. ओरडायची ताकद नव्हती. मी ब्लाउजचा हूक काढला, तसा आईनं माझा हात धरला.

"शितल, नोको. पाया पडतो तुह्या."

वनितानं पाहिलं. "कावून वं मावशी? पाजू द्या न तिले."

"हिचं दूध इखारी हाये माय," आई तिला म्हणाली. आणि मग हात जोडून, "तूच पाज न वो दोन घोट. पुण्य लागंन तुले. तुह्या दुधानं वाचंन ते."

माझ्यासमोर. माझा पदर ओला, माझं लेकरू माझ्या मांडीवर, आणि आई दुसऱ्या बाईपुढे हात जोडून उभी.

मी रडले नाही. मला एकदम लॅब आठवली. वनिताचं पोरगं आठवायची गरजच नव्हती, ते समोर होतं, आणि त्याच्या मांड्यांना वळ्या होत्या. निकाल आधीच माहीत असलेलं सॅम्पल.

"वनिता," मी म्हटलं, "थोडं दूध पिळून दे मला. या झाकणात."

"दूध? कायले वं?"

"दे तर खरं."

वनिता बिनधास्त बाई. पदर सारून तिच्याच जेवणाच्या डब्याच्या झाकणात पिळलं. "घे. माह्यं त वाहूनच चाललं."

खाटेशेजारच्या कपाटावर बिस्किटाचा चुरा पडला होता, त्याला मुंग्या लागल्या होत्या. मी झाकण आईपुढे ठेवलं.

"टाक मुंगी."

"हिच्या दुधात? कायले?"

"तूच टाक. तुझ्या हातानं टाक. तुला जशी येते तशी टाक."

आईनं मुंगी घेतली. काडी नव्हती, नखानं दाबली. मुंगीनं पाय मारले. गोल फिरली. थांबली.

"आयो!" वनिता म्हणाली. "मेली!" आणि तिनं आपल्या पोराकडे पाहिलं. "मंग हे काय हवा पिऊन फुगलं काय वं?"

वॉर्डातल्या दोघी-तिघी हसल्या. आई हसली नाही. "मुंगीच मरतुकडी असंन," ती म्हणाली.

"मग दुसरी घे."

दुसरी घेतली. तीही मेली. मी तिच्या पदराखालची बाटली ओढून काढली आणि त्यातलं दूध वनिताच्या डब्यातल्या वाटीत ओतलं. "याच्यात टाक. हे तर चांगलंय ना? हे तर तू माझ्या लेकराला पाजतेस." त्यातही मेली. मग बाटलीच्या टोपणात पिण्याचं पाणी घेतलं, साधं, नळाचं.

"आता पाण्यात टाक."

मुंगी आईच्या बोटावरून उतरत नव्हती, तिनं ती झटकली. पाण्यात पडली. दाबली. पाय मारले, गोल फिरली, थांबली.

"आई, मुंगी बुडते," मी म्हटलं. "कशातही बुडते. बस, एवढंच आहे ते."

आई तिन्ही भांड्यांकडे पाहत राहिली. झाकण, वाटी, टोपण. मग पुन्हा झाकण. मला वाटलं होतं भांडेल. नाही भांडली.

"तुह्या आजीनं माह्यासमोर टाकलती," ती हळूच म्हणाली.

"हो."

"मेलती."

"हो. मरणारच."

"मंग संजू?"

इथे मी थांबू शकले असते. वनितानंही मला डोळ्यांनी खुणावलं. पण माझा डावा स्तन कापलेला होता, माझ्या बाळाच्या हाताला सलाईन होतं आणि मी किती दिवस मोरीत बसत होते.

"संजू बाटलीनं गेला," मी म्हटलं. सगळ्या वॉर्डाला ऐकू जाईल असं म्हटलं. "तुझ्या दुधानं नाही गेला. तुझं दूध तोडलं म्हणून गेला. तसाच हाही चालला होता."

कोणी हसलं नाही आता. वनिता म्हणाली, "वो बाई, बस कर न," आणि आपल्या पोराला उगाच थोपटायला लागली.

आई उठली. माझ्या मांडीवरून बाळाला उचललं, सलाईनची नळी सांभाळून नीट आडवं धरलं आणि माझ्या उजव्या बाजूला लावलं. त्याचं डोकं तिनं मागून तळहातावर धरून ठेवलं होतं. त्याला बाटलीची सवय लागलेली, त्यानं तोंड फिरवलं. पुन्हा फिरवलं. तिनं पुन्हा लावलं. मग काळ्या भागासकट तोंडात गेलं आणि तो ओढायला लागला. गिळल्याचा आवाज आला. आई तो आवाज ऐकत वाकून उभी राहिली.

मग ती खाटेच्या कडेला बसली. झाकणातल्या मुंग्या तिनं बोटानं काढून पदराला पुसल्या.

"मले लय दूध होतं वं, शितल," ती म्हणाली. "लुगडं भिजे. वलं वलं होये सारं. तुही आजी म्हणे, मोरीत पिळून टाक. संजू तिकडे रडे, अन् मी मोरीत बसून पिळत राहो. दार त उघडंच राहे."

बाळ पीत होतं. त्याचा एक हात माझ्या पट्टीवर होता.

"त्याले वास येत असंन न वं माह्या दुधाचा?" तिनं विचारलं.

मी म्हटलं, "हो. येत असेल."